घरं गाडली गेली, तरी गाव उरतं ते कसं? स्वित्झर्लंडचं ब्लाटेन समजून घेताना

२८ मे २०२५ च्या दुपारी स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन या छोट्या गावावर डोंगरकडा आणि हिमनदी एकदमच कोसळली. तो व्हिडिओ तेव्हा अनेकांच्या मोबाइलवर फिरला. धुळीचा अजस्र लोट दरीत उतरतो आणि तो विरल्यावर जिथे घरं होती तिथे करड्या दगडमातीचं मैदान दिसतं. गावाचा सुमारे ९० टक्के भाग गाडला गेला किंवा मागाहून पाण्यात बुडाला. त्याच संध्याकाळी गावप्रमुख माटियास बेलवाल्ड पत्रकारांसमोर आले. आम्ही गाव गमावलं आहे, हृदय गमावलेलं नाही, अशा अर्थाचं ते बोलले आणि गाव पुन्हा उभं करू, असंही त्यांनी सांगितलं.

पुढच्या बातम्या वाचताना मात्र अनेकांचा गोंधळ उडाला. घरंच उरली नाहीत, तर गावप्रमुख कोणाचा प्रमुख? जेमतेम तीनशे लोकांचं गाव, मग सरकारने त्यांना शेजारच्या शहरात घरं देऊन विषय का संपवला नाही? पुन्हा बांधायचं की नाही हे केंद्र सरकारऐवजी गावच कसं ठरवतं? ही उत्तरं हवी असतील तर आधी स्विस गाव ही काय चीज आहे ते समजून घ्यावं लागतं. एकदा ते कळलं की बेलवाल्ड यांचं म्हणणं भावनेच्या भरातलं वाटत नाही. कायद्याच्या नजरेनेही ते अक्षरशः खरं होतं.

ब्लाटेन आहे कुठे?

आपल्याकडचे पर्यटक इंटरलाकेनला उतरतात, लाउटरब्रुनेनचे धबधबे पाहतात आणि रेल्वेने युंगफ्राउयोखला चढतात. त्या हिमशिखरांच्या पलीकडे, दक्षिणेच्या अंगाला ल्योचेन ही लांबट, अरुंद दरी आहे. वालिस या कँटनमधली. कँटन म्हणजे स्विस संघराज्यातलं राज्य. अशी २६ राज्यं मिळून देश बनतो. ल्योचेन दरीत चार गावं आहेत: फेर्डन, किपेल, विलर आणि सगळ्यात वरचं ब्लाटेन, सुमारे १,५४० मीटर उंचीवर. दरीच्या तळातून लोन्झा नदी वाहते. लोन्झा हे नाव औषधनिर्मितीतल्या एका बड्या कंपनीमुळे जगाला माहीत आहे. ती कंपनी १८९७ मध्ये याच दरीच्या तोंडाशी, गाम्पेल इथे, या नदीच्या पाण्यावर वीज करून सुरू झाली, म्हणून तिचं हे नाव.

गावासमोर बीचहॉर्न हे ३,९३४ मीटरचं शिखर उभं आहे, आणि त्याच्याच शेजारी ३,३४१ मीटरचं क्लाइनेस नेस्टहॉर्न. आजूबाजूचा डोंगराळ प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ब्लाटेन एकाच वस्तीचं गाव नाही. आइस्टेन, वाइसेनरीड, रीड, फाफलरआल्प अशा वाड्या त्यात येतात. गावठाणाबरोबर रीड ही वाडीही गाडली गेली. उतारावर असलेली वाइसेनरीड आणि दरीच्या खालच्या अंगाची आइस्टेन वाचली. वाड्या वाचल्या हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

त्या दिवशी झालं काय?

क्लाइनेस नेस्टहॉर्नच्या खाली बिर्च नावाची लहानशी हिमनदी होती. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साठलेल्या बर्फाचा थर. स्वतःच्या वजनाने तो उतारावरून अगदी सावकाश सरकत असतो. आल्प्समधल्या बहुतेक हिमनद्या आज आक्रसताहेत. बिर्च मात्र काही वर्षं पुढे सरकत होती, कारण वरच्या कड्यावरून सुटणारे दगड तिच्या अंगावर साचत होते. उतारावर कशीबशी उभी असलेली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर कोणी पोत्यामागून पोतं टाकत राहिलं, तर एका क्षणी चाकाखालचा दगड निसटणारच. मे २०२५ मध्ये क्लाइनेस नेस्टहॉर्नचा कडा वेगाने ढासळू लागला आणि दगडांचा लाखो घनमीटरचा ढीग या हिमनदीवर बसला.

१७ मे रोजी गावाच्या एका भागातले लोक हलवले. १९ मे रोजी संपूर्ण गाव, म्हणजे सुमारे तीनशे माणसं, बाहेर काढली. गुरंही नेली, एका जखमी गाईला हेलिकॉप्टरने उचलून नेतानाचे फोटो जगभर छापून आले. पुढचे नऊ दिवस रडार, कॅमेरे आणि हेलिकॉप्टर यांच्या मदतीने हिमनदीवर अखंड नजर होती. शेवटी शेवटी तिचा वेग दिवसाला कित्येक मीटरवर गेला. मग २८ मेच्या दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळंच सुटलं. दगड आणि बर्फ मिळून काही दशलक्ष घनमीटरचा ढिगारा दरीत उतरला आणि जोर एवढा की समोरच्या उतारावरही चढला. जमीन हादरल्याची नोंद भूकंपमापकांवर झाली.

ढिगाऱ्याने लोन्झा अडली आणि मागे तलाव साचत गेला. गाडली न गेलेली बरीच घरं त्यात बुडाली. तो तलाव फुटला तर खालच्या गावांवर लोंढा येईल, या भीतीने फेर्डनचा जलाशय आधीच रिकामा करून ठेवला होता. सुदैवाने तलाव फुटला नाही, पाण्याने हळूहळू स्वतःची वाट काढली.

या सगळ्यात एका माणसाचा जीव गेला. तो होता त्या जागेला हलवण्याचा आदेश लागू नव्हता. तीनशेच्या गावात एक माणूस जाणं म्हणजे प्रत्येक घरातलं कोणीतरी जाणं. म्हणून “जवळपास सगळे वाचले” हे वाक्य मला लिहिताना जड जातं. तरीही गाव वेळेत रिकामं झालं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

स्विस गाव म्हणजे नेमकं कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे. स्वित्झर्लंडच्या राज्यव्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत: संघराज्य, कँटन आणि गाव. जर्मन भाषेत गावाच्या या पायरीला गेमाइंडे म्हणतात. मी पुढे नुसतं गाव म्हणेन. झुरिकसारखं लाखोंचं शहरही कायद्याने असंच एक ‘गाव’, आणि तीनशेचं ब्लाटेनही. २०२५ च्या सुरुवातीला देशात अशी सुमारे २,१२० गावं होती. १९९० मध्ये ती तीन हजारांहून जास्त होती. दरम्यान अनेक लहान गावं मतदान घेऊन एकमेकांत विलीन झाली.

गावाच्या हातात काय असतं? सगळ्यात आधी कर. स्विस माणूस आपल्या उत्पन्नावर संघराज्याला, कँटनला आणि गावाला असा तिघांना कर देतो. कँटनच्या कायद्याच्या चौकटीत राहून गावाचा दर गाव ठरवतं. त्यामुळे शेजारच्या दोन गावांत एकाच पगारावर वेगवेगळा कर बसू शकतो. शिवाय प्राथमिक शाळा, पिण्याचं पाणी, गावातले रस्ते, अग्निशमन, बांधकामाचे परवाने आणि कुठे घरं बांधायची, कुठे शेती राखायची याचा आराखडाही गावाकडेच असतो. जे एकट्याला झेपत नाही, ते शेजारची गावं मिळून चालवतात. ल्योचेन दरीत शाळेचं तसंच आहे.

वालिसमध्ये यात आणखी एक भर आहे. रोन ही मोठी नदी कँटनच्या मालकीची, पण तिला मिळणाऱ्या बाजूच्या नद्यांच्या पाण्यावर गावांचा हक्क. वीज कंपनीने ते पाणी वापरलं तर तिने गावाला पट्टी भरायची. डोंगरातली छोटी गावं एवढी वर्षं स्वतःच्या पायावर कशी उभी राहिली, हे त्या पाणीपट्टीकडे पाहिलं की बरंचसं उलगडतं.

कारभार पाहायला चार वर्षांसाठी निवडून दिलेलं छोटं मंडळ आणि त्याचा प्रमुख असतो. लहान गावांत ही मंडळी आपली नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. अंदाजपत्रक, मोठं कर्ज, नियमावली असे विषय मात्र सगळ्या मतदारांच्या सभेपुढे येतात. गावातले लोक सभागृहात बसतात, प्रश्न विचारतात आणि मतदान करतात. तिथे होणारा ठराव सरकारला केलेली शिफारस नसतो. तो निर्णय असतो.

हे स्वातंत्र्य किती खोल मुरलेलं आहे, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वालिसमधल्याच उंटरबेख या डोंगरी गावाचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला, युरोपच्या मानाने लाजिरवाण्या उशिराने. पण १९५७ मध्ये एक सार्वमत होतं. स्त्रियांना नागरी संरक्षणसेवा सक्तीची करावी का, हा त्याचा विषय, आणि मत देणार फक्त पुरुष! उंटरबेखच्या मंडळाने ठरवलं की आमच्या गावच्या बायका मत देतील. कँटन आणि संघराज्य दोघांचाही विरोध असताना ८४ पैकी ३३ स्त्रिया मतपेटीपाशी गेल्या. ती मतं अधिकृत मोजणीत धरली नाहीत. पण हे पाऊल गावाने टाकलं आणि देशाला चौदा वर्षांनी त्यामागून जावं लागलं. उलट बाजूही सांगायला हवी. हेच स्वातंत्र्य वापरून काही भागांनी स्त्रियांचा हक्क रोखूनही धरला: आपेनझेल इनररोडेन कँटनला १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाग पाडावं लागलं. स्थानिक सत्ता म्हणजे नेहमी शहाणपण, असं मानायचं कारण नाही.

पासपोर्टवर जन्मगाव नसतं

स्विस पासपोर्टवर जन्मस्थान छापत नाहीत. त्याजागी असतं मूळगाव. ज्या गावाची नागरिकता तुमच्या पूर्वजांकडून तुमच्याकडे आली ते गाव. तुमचा जन्म जिनिव्हाचा असेल, आयुष्य बाझेलमध्ये गेलं असेल आणि त्या मूळगावी तुम्ही कधी पाऊलही ठेवलं नसेल, तरी कागदावर तुम्ही तिथलेच. परदेशी माणूस स्विस होतो तेव्हाही त्याला गाव, कँटन आणि संघराज्य या तिन्ही पायऱ्यांची नागरिकता मिळते. म्हणजे कुठल्या तरी गावाचं झाल्याशिवाय स्विस होता येत नाही.

यामागे गरिबीचा इतिहास आहे. सोळाव्या शतकापासून असा दंडक पडत गेला की गरीब, आजारी, निराधार माणसाला त्याच्या मूळगावाने पोसायचं. म्हणून ‘आपला कोण’ याची नोंद गावं डोळ्यांत तेल घालून ठेवत. गरिबांना त्यात किती अपमान सोसावा लागला, कित्येकांना या गावातून त्या गावात कसं हाकलून दिलं गेलं, तोही याच इतिहासाचा भाग आहे. आज मदत राहत्या ठिकाणी मिळते. मूळगावच्या कँटनने खर्च भरून देण्याची शेवटची पद्धतही २०१७ मध्ये संपली. जुन्या नोंदी मात्र राहिल्या. एबनर, कालबरमाटन, बेलवाल्ड अशी आडनावं ऐकली की जाणकार स्विस माणूस ल्योचेन दरीचं नाव घेतो.

या मूळ रहिवाशांची गावागावांत वेगळी संस्थाही असते. जंगल, डोंगरमाथ्यावरची कुरणं, कधी एखादी इमारत, अशी सामायिक मालमत्ता ती सांभाळते. तेव्हा ब्लाटेनमध्ये २८ मे नंतर काय उरलं, ते पाहा: मतदार, निवडलेलं मंडळ, कराचा अधिकार, जमिनीचे आणि पाण्याचे हक्क, वाचलेल्या वाड्या, नागरिकतेची नोंद. तीनशे जण विलर, किपेल आणि इतरत्र भाड्याने किंवा नातेवाइकांकडे राहत होते, पण कायद्याने गाव जसंच्या तसं चालू होतं.

जवळपास सहाशे वर्षांत घडलेला स्वभाव

ब्लाटेनचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख १४३३ सालचा सापडतो. वस्ती त्याहून जुनी असणार. वालिसच्या वरच्या भागातली माणसं मध्ययुगात डोंगर ओलांडून दूरदूर वसली. चौदाव्या शतकाच्या आसपास ल्योचेनची काही कुटुंबं पलीकडे लाउटरब्रुनेन दरीतही गेली. आज पर्यटकांनी गजबजणाऱ्या म्युरेन, गिमेलवाल्ड या वस्त्यांची सुरुवात त्यांच्याशी जोडली जाते. ल्योचेन दरी स्वतः मात्र दीर्घकाळ दुसऱ्यांच्या अंमलाखाली होती. आधी फॉम टुर्न हे सरदार घराणं आणि ते गेल्यावर अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत रोन खोऱ्यातल्या वरच्या जिल्ह्यांची सत्ता. धनी बदलले तरी कुरणावर कोणी किती गुरं न्यायची, रस्ता कोणी कधी दुरुस्त करायचा हे दरीतले लोक आपसात ठरवत राहिले. ठरवावंच लागे. राय हे धान्य आणि बटाटा यांची थोडी शेती, गुरंढोरं, चीज आणि सहा महिन्यांचा हिवाळा. एकट्या कुटुंबाला तिथे जगणं अशक्य होतं.

लार्च लाकडाची, उन्हाने काळपट झालेली घरं ही इथली ओळख. तुळयांवर बांधणाऱ्या जोडप्याचं नाव आणि साल कोरलेलं असे. वारसाहक्कात सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यामुळे एकाच घराचे मजले, कधी खोल्याही वेगवेगळ्या भावंडांच्या मालकीच्या. धान्याची कोठारं खांबांवर उभी, आणि खांबाच्या डोक्यावर सपाट गोल दगड, म्हणजे उंदीर वर चढू नये. ब्लाटेनचं गावठाण राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तुवारशाच्या यादीत होतं. विम्याच्या पैशातून नवी घरं होतील; त्या तुळया परत येणार नाहीत.

सण मात्र परत येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ लागेपर्यंत या दरीत चेगेटे फिरतात. लाकडाचे अक्राळविक्राळ मुखवटे, अंगावर मेंढी-बकऱ्याची कातडी, कमरेला गाईची घंटा. पूर्वी हा अविवाहित तरुणांचाच मान होता आणि चर्चला तो फारसा रुचत नसे; आता कोणीही सोंग घेतं. उन्हाळ्यातल्या धार्मिक मिरवणुकीत जुन्या सैनिकी गणवेशातले ‘देवाचे शिपाई’ चालतात. गरिबीपायी परदेशी राजांच्या फौजांत भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या पूर्वजांची ती आठवण. इथली जर्मन बोली तर झुरिकच्या माणसालाही कान देऊन ऐकावी लागते.

दरी बाहेरच्या जगाला खऱ्या अर्थाने जोडली गेली १९१३ मध्ये, साडेचौदा किलोमीटरचा ल्योचबर्ग रेल्वे बोगदा सुरू झाला तेव्हा. त्या बोगद्याच्या कामात १९०८ च्या जुलैमध्ये माथ्यावरची दगडमाती आणि पाणी आत घुसून २५ मजूर गाडले गेले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोपेनस्टाइनच्या वसाहतीवर बर्फ कोसळून १२ जण दगावले. डोंगर कोसळतो हे इथल्या माणसाला २०२५ मध्ये नव्याने कळलेलं नाही.

तीनशे लोकांसाठी एवढा पैसा कशाला?

हा प्रश्न स्वित्झर्लंडमध्येही उघडपणे विचारला गेला, आणि तो गैर नाही. विमा कंपन्यांच्या संघटनेने नुकसानीचा पहिला अंदाज ३२ कोटी फ्रँकचा दिला. लोकसंख्येने भागाकार केला तर आकडा डोळे पांढरे करणारा आहे.

पण हा पैसा बव्हंशी सरकारी तिजोरीतला नाही, विम्याचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये घराचा आगीचा विमा उतरवला की पूर, हिमकोसळ, दरड अशा नैसर्गिक आपत्तींचं संरक्षण कायद्याने त्यातच येतं. वालिस हा घराचा विमा सक्तीचा नसलेल्या मोजक्या कँटनांपैकी एक असला तरी बहुतेक लोक तो उतरवतात. धोक्याच्या डोंगरात राहणारा आणि सपाट शहरात राहणारा यांच्यात आपत्तीच्या या भागासाठी वेगळा दर लावत नाहीत. असा विमा घेणारे सगळे मिळून एकमेकांचा धोका वाटून घेतात. जिनिव्हाच्या माणसाने वर्षानुवर्षं भरलेल्या हप्त्यातला काही हिस्सा आज ब्लाटेनला जातो. उद्या जिनिव्हाला गारांनी झोडपलं तर ब्लाटेनकरांच्या हप्त्यातला तिकडे जाईल.

रस्ते, पूल, नदीचं पात्र, पाण्याच्या वाहिन्या हे सार्वजनिक काम उरतं. त्यात कँटन आणि संघराज्य भर घालतात. संघराज्याने तातडीची मदत म्हणून ५० लाख फ्रँक मंजूर केले. नागरिकांनी देणग्या दिल्या आणि देशभरच्या इतर गावांनीही आपापल्या अंदाजपत्रकातून रकमा पाठवल्या.

उरतो तत्त्वाचा भाग. आल्प्समधली गावं रिकामी होत गेली तर कुरणं, वाटा, बांध, जंगल कोण राखणार? डोंगरात माणूस राहतो म्हणून खालचे रस्ते आणि वीजप्रकल्पही सुरक्षित राहतात, असं मानणारा मोठा वर्ग तिथे आहे. दुसरा वर्ग म्हणतो की प्रत्येक दरी कायम वसती ठेवणं यापुढे परवडणार नाही. मला पहिल्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, पण एका अटीवर: जागा राहण्याजोगी आहे हे भूवैज्ञानिकांनी सांगितलं पाहिजे, भावनेने नव्हे.

हवामानबदलामुळेच झालं ना?

“हो” म्हणून टाकणं सोपं आहे. खरं उत्तर जरा लांब आहे. उंच कड्यांमधल्या भेगांत वर्षानुवर्षं गोठलेलं पाणी असतं आणि ते खडक धरून ठेवतं. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आल्प्सचं तापमान जगाच्या सरासरीपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने वाढलं आहे आणि ही गोठलेली पकड कमकुवत होते आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी मिळून आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. ही पार्श्वभूमी निर्विवाद आहे.

पण डोंगर हवामान बदलण्याआधीही कोसळत. १८०६ मध्ये श्वीझ कँटनमधलं गोल्डाउ गाव रॉसबर्ग डोंगराखाली गेलं आणि ४५७ माणसं मेली. कारण होतं कलते खडकथर आणि त्यांत मुरलेला पाऊस. १८८१ मध्ये एल्म गावावर कडा पडला, तिथे पाटीच्या दगडाच्या बेशिस्त खाणकामाने डोंगर पोखरला होता. ब्लाटेनच्या बाबतीत खडकाची मूळची रचना, पर्माफ्रॉस्टचं वितळणं आणि हिमनदीवर पडलेला भार यांचा वाटा नेमका किती, हे एका वाक्यात मांडता येत नाही. शास्त्रज्ञही तसा दावा करत नाहीत. तापत्या हवेने अशा घटनांची शक्यता वाढते, एवढं मात्र ते ठामपणे सांगतात.

बांधलं आणि पुन्हा कोसळलं तर?

स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक वस्तीचा धोका-नकाशा असतो. लाल पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. निळ्या पट्ट्यात अटींवर, म्हणजे जाड भिंती, खिडक्यांची दिशा, संरक्षक बांध वगैरे पाळून बांधता येतं. पिवळ्या पट्ट्यात धोका कमी. ब्लाटेनचा जुना नकाशा २८ मे रोजी निकामी झाला, कारण डोंगराचा आकारच बदलला. नवा नकाशा, नदीचं नवं पात्र आणि मग घरं, असा क्रम आहे. २०३० च्या सुमारास गाव पुन्हा उभं करायचं, असं गावाने ठरवलं आहे. वाइसेनरीड आणि आइस्टेन या वाचलेल्या वाड्यांचा आधार त्यात मोठा आहे.

गाडलेलं गाव परत वसतं का? गोल्डाउ वसलं. रिगी पर्वतावर जाताना आपण जिथे गाडी बदलतो ते आर्थ-गोल्डाउचं रेल्वे जंक्शन जुन्या दरडीवरच उभं आहे. एल्मही पुन्हा वसलं. ग्राउब्युंडेन कँटनमधलं ब्रिएन्झ मात्र दुसऱ्या वाटेवर आहे. तिथला डोंगर २०२३ च्या जूनमध्ये घरांच्या अगदी अलीकडे येऊन थांबला. लोक परतले, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पुन्हा बाहेर पडावं लागलं, आणि तिथे गाव दुसरीकडे हलवण्याची चर्चा सुरू झाली. ब्रिएन्झ आता स्वतंत्र गाव नाही, २०१५ पासून ते एका मोठ्या विलीन गावाचा भाग आहे.

माळीण, तळीये, इर्शाळवाडी

हे सगळं वाचताना आपल्या मनात ही नावं येणारच. २०१४ च्या जुलैमध्ये माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसं झोपेतच गेली, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. या तिन्ही ठिकाणी लोकांना बाहेर काढायला नऊ दिवस नव्हते. मुसळधार पावसाने भिजलेला उतार काही क्षणांत सुटतो. बर्फाळ कडा दिवसेंदिवस भेगाळत जातो आणि आधी मोजता येतो. म्हणून दोन्ही घटना एका मापाने तोलणं अन्यायाचं होईल, आणि स्वित्झर्लंडइतका पैसा आपल्याकडे नाही हेही खरं.

तरी फरकाचा एक धागा पैशाचा नाही. आपल्याकडे दरडग्रस्त गाव कुठे वसवायचं, घरं कशी बांधायची याची सूत्रं राज्य सरकार आणि जिल्हा प्रशासनाकडे असतात. ग्रामपंचायतीकडे त्यासाठीचा निधीही नसतो आणि बांधकाम-आराखड्याचा शेवटचा अधिकारही. ब्लाटेनमध्ये कँटन आणि संघराज्य पैसे देतात, तज्ज्ञ देतात, लाल पट्ट्यात बांधायला मनाईही करतात. पण चौक कुठे असावा, चर्च कुठे, घरांना लाकूड किती वापरायचं, कोणाच्या जागेच्या बदल्यात कोणाला कुठली जागा, हे ब्लाटेनच्या मतदारांपुढे येतं.

अडचणीही तिथेच आहेत. गाडलेल्या जमिनीच्या मालकीच्या हद्दी दिसेनाशा झाल्या आहेत आणि वारसाहक्काने एकेका घराचे मालक अनेक. विम्याची रक्कम घेऊन कोणी दुसरीकडे घर घेतलं तर त्याला अडवता येत नाही. मुलांची शाळा, नोकरी, म्हातारपण यांना पाच वर्षं थांबता येत नाही. सगळे तीनशे परततील, असं कोणीच गृहीत धरत नाही. क्लाइनेस नेस्टहॉर्नवर उरलेला सैल खडकही आहेच. त्यामुळे ढिगारा उपसण्याचं आणि नदीला वाट करून देण्याचं काम त्या कड्यावर नजर ठेवतच चालवावं लागतं.